एका खोलीचा ठराव

दिवाबत्ती, आरोग्य, बांधकाम अशा समित्या सगळ्याच नगरपालिकांना असतात. आमच्या गावच्या नगरपालिकेला त्यांच्या जोडीला एक सलोखा समिती होती. तिला पैसा नव्हता, अधिकार नव्हता, शिपाईसुद्धा नव्हता. सभासदांनी आपण होऊन यायचं, गावातल्या सगळ्या जातीधर्मांच्या माणसांनी गोडीने राहावं म्हणून काय करता येईल ते बघायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. मी सात वर्षं या समितीची चिटणीस होते. माझं अक्षर चांगलं होतं आणि समितीत एक तरी बाई असावी असं अध्यक्षांना वाटत होतं. यापलीकडे माझी काही पात्रता होती असं मला आज वाटत नाही. तेव्हा मात्र मला फार वाटत असे.

आमचं गाव अलिबागच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते तिथलं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी उत्तरेकडून एकाहून एक भयंकर बातम्या येत होत्या. आमच्याकडे दोन दिवस लोकांनी दारं लावून घेतली आणि तिसऱ्या दिवशी भाजी संपली म्हणून उघडली. काहीच झालं नाही. पण काही होऊ शकलं असतं या धास्तीने शहाण्या माणसांनी ही समिती काढली. न झालेल्या दंग्याची समिती, असं माझे वडील तिला म्हणायचे.

तिच्यात सगळ्यांना एकेक जागा होती. अध्यक्ष म्हणजे एक वकील; बोलायला मधाळ, आणि कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा उठायचा. उर्दू शाळेचे मोठे मास्तर होते. कोळीवाड्यातून एक नाखवा, त्यांच्या स्वतःच्या दोन होड्या. बाजारपेठेतले गुजराती किराणा दुकानदार, त्यांना सगळे शेठ म्हणत. आणि खाजणाकडेच्या वस्तीतले, पलटणीतून निवृत्त झालेले जमादार. त्यांची सगळी वस्ती नुकतीच दीक्षा घेऊन बौद्ध झाली होती, पण समितीच्या वहीत त्यांच्या नावापुढे जुनीच जात होती. ती खोडून नवा धर्म लिहायचा तर ठराव करावा लागेल, असं अध्यक्षांचं मत पडलं. तो ठराव पुढच्या बैठकीवर गेला, आणि पुढच्या बैठकीवरच राहिला.

बैठक पाळीपाळीने एकेकाच्या घरी व्हायची. जिथे बैठक असेल तिथे प्रत्येकाने काहीतरी खाल्लंच पाहिजे, असा दंडक होता. पहिल्या वर्षी हा दंडक म्हणजे मोठंच धाडस वाटलं होतं. पण हळूहळू सगळ्या घरांत एकच खाणं व्हायला लागलं: केळी. केळं सोलून खायचं, त्याला कुणाचा हात लागत नाही. मास्तरांच्या घरी केळी, शेठकडे केळी, माझ्या घरी केळी. नाखव्यांकडच्या बैठकीला बाहेर अंगणात बोंबील वाळत असायचे आणि आत आम्ही केळी खात असायचो. सात वर्षांत त्या घरी आमच्यासाठी मासळी शिजली नाही. मला खायची होती, पण मी कधी म्हटलं नाही. जमादारांच्या घरी चहासुद्धा नाक्यावरच्या हॉटेलातून किटलीत यायचा. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पहिल्याच खेपेला त्यांनी तो आपण होऊन मागवला होता, आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं होतं. ते हुश्श त्यांनी ऐकलं असणार.

दुसरा दंडक असा की ठराव एकमतानेच व्हायचा. सलोख्याच्या समितीत मतं मोजायची म्हणजे सलोखा मोडलाच, असं वकीलसाहेब म्हणत. त्यामुळे कुणी नाही म्हणेल असा प्रश्न कुणी काढायचाच नाही, हे आम्हाला अंगवळणी पडलं होतं. अगदीच काही केलं नाही असंही नाही. एका वर्षी गणपती आणि ताबूत एकाच सुमाराला आले, तेव्हा मास्तर आणि नाखवा दोन दिवस सगळ्या आळ्यांतून फिरले आणि मिरवणुकांच्या वेळा त्यांनी अशा काही लावून दिल्या की दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या मिरवणुका बघायला उभी राहिली. त्या दोघांचं मला अजून कौतुक आहे. मी वहीत छान अक्षरात टिपण लिहिलं होतं.

दीक्षेनंतरच्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, आमच्या मुलींच्या शाळेत एक नवी शिक्षिका आली. वय एकवीस-बावीस. खाडीपलीकडच्या गावातल्या बौद्ध वस्तीतली. तिच्या वस्तीतून शिकून शिक्षिका झालेली ती पहिलीच. दुसरीचा वर्ग तिला मिळाला आणि माझा तिसरीचा तिच्या शेजारीच होता. मधल्या सुट्टीत आम्ही एका बाकावर बसायचो. बोलायला कमी, पण गणित असं शिकवायची की माझ्या तिसरीतल्या मुली भिंतीला कान लावायच्या. मला थोडा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो याची लाज वाटून मी तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायची.

ती रोज सकाळी मचव्याने खाडी ओलांडून यायची आणि संध्याकाळी मचव्यानेच परत जायची. आमच्याकडे जूनमध्ये वारा फिरला की मचवे वर ओढतात, ते नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. खाडीला वळसा घालून जमिनीवरून यायचं तर आठ-नऊ मैलांची चाल, मधे दोन ओढे, आणि पावसात ते ओढे म्हणजे नद्याच. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पावसाळ्याच्या आत गावात राहायला जागा मिळाली नाही तर ती नोकरी जाणार, हे उघड होतं. आणि नोकरी गेली तर वस्तीतल्या ज्या ज्या बापांनी तिच्याकडे बघून मुलींना शाळेत घातलं होतं, ते काय करतील हेही उघड होतं.

फाल्गुनात जमादारांनी हा विषय समितीत मांडला. तोवर ते बैठकीत फारसे बोलत नसत. त्या दिवशी उठून उभे राहिले, जणू पलटणीत आहेत, आणि म्हणाले, "त्या पोरीला गावात खोली पायजे. भाडं देईल. समितीनं बघावं."

वकीलसाहेब म्हणाले, "अवश्य. हे तर आपलंच काम. तोवर तुमच्या वस्तीत काही सोय?"

"माज्या घरात नऊ मानसं हायत. धावी आली तर जड न्हाय," जमादार म्हणाले. "पन श्रावनात उधानाचं पानी उंबऱ्याला लागतंय. वह्या कुटं ठेवील? आनि वस्तीतच ठेवायची आसंल तर समिती कशाला?"

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. 'गावात जागा मिळवून देण्यासाठी समितीने सर्वतोपरी प्रयत्न करावा' असा ठराव झाला. एकमताने. मी तो लिहिला.

मग प्रयत्न सुरू झाले. शेठ म्हणाले, माझी दुकानावरची माडी आहे, पण भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची देवघरं, ते गवगवा करतील. मास्तर म्हणाले, माझ्याकडे मागची खोली आहे, पण मुसलमानाच्या घरी बौद्ध मुलगी ठेवली म्हणून दोन्हीकडून बोलणी बसतील, तिलाच त्रास होईल. नाखवा म्हणाले, "आमचेकडं जागा हाय, पन मासलीचा वास. शिकल्याली पोर ती, तिला झेपंल काय?" वकीलसाहेबांकडे त्यांच्या मातोश्री होत्या. प्रत्येकाचं कारण दुसऱ्या कुणाच्या तरी काळजीचं होतं. स्वतःला कुणालाच काही अडचण नव्हती.

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी लिहीत होते ना. चिटणिसाला घर असतं हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आमचं घर धक्क्याच्या रस्त्यावर. घरात माणसं दोनच, मी आणि माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, भाऊबहीण नाही, माझं लग्न झालं नव्हतं आणि तो विषयही आता कुणी काढत नसे. वडील मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना भाऊ म्हणायची. घराच्या पडवीला एक खोली होती, स्वतंत्र दाराची. तिच्यात पूर्वी एक शनवारतेली बिऱ्हाड राहत असे. आमच्या किनाऱ्यावरच्या ज्यू मंडळींना तसं म्हणत, कारण त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद. हे गृहस्थ मात्र मिठागराच्या कचेरीत होते. नऊ वर्षं राहिले आणि एक दिवस बायकामुलांना घेऊन बोटीने इस्रायलला गेले. त्यानंतर खोलीला कुलूप होतं. आत एक मोडका पाळणा आणि दोन हंडे, बाकी काही नाही.

ही खोली मला आठवत नव्हती असं नाही. रोज तिच्यासमोरून जायची मी. पण भाऊ सकाळी संध्या करणारे, जुन्या वळणाचे. शनवारतेली वेगळे आणि हे वेगळं. ते नाहीच म्हणणार, हे मी धरून चालले होते. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं मनाशी म्हटलं की मला बरं वाटायचं. घरात एक जुन्या वळणाचा माणूस असला की आपण किती नव्या विचारांचे ते उठून दिसतं, हे मला तेव्हा कबूल करता आलं नसतं. आज करते.

चैत्रातली बैठक माझ्याकडे होती. सगळ्यांची ओळख व्हावी म्हणून तिलाही बोलावलं होतं. ती पडवीत खुर्चीवर बसली, समोर ते कुलूप. केळी फिरली. भाऊ आतून आले, तिला म्हणाले, "गणित शिकवता म्हणे," आणि कचेरीतल्या दोन गोष्टी सांगून परत आत गेले. निघताना तिने मला हळूच विचारलं, "बाई, ही खोली कोणाची?"

"आमचीच. बिऱ्हाड होतं, ते गेलं," मी म्हटलं. "आता सामान असतं तिच्यात."

ती बरं म्हणाली. इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मी मुलींच्या परीक्षेबद्दल बोलत होते.

वैशाख आला तरी खोलीचं घोंगडं भिजतच पडलं होतं. समितीला चुटपुट लागली. तेव्हा कुणाला तरी कल्पना सुचली, आणि ती कल्पना आमच्या समितीशिवाय जगात कुणाला सुचली नसती. आपण बाईंचा सत्कार करू! गावाने एकदा त्यांना मानाने समोर बघितलं की मनं आपोआप वळतील. शाल, श्रीफळ, नगरपालिकेचं सभागृह. सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की त्या एका बैठकीत आम्ही तीन तास बसलो. शाल कुठल्या रंगाची यावर चर्चा झाली. भगवी नको, हिरवी नको, निळी फारच उघड दिसेल. शेवटी एकमताने पिस्ता रंग ठरला. जमादार म्हणाले, "आनि खोली?" वकीलसाहेब म्हणाले, "हे खोलीसाठीच तर चाललंय, जमादार."

मेच्या सुट्टीआधीच्या रविवारी, दुपारी चारला, समारंभ झाला. सभागृह भरलं होतं. माझ्याकडे आभार मानायचं काम होतं, आणि आभार मी आदल्या दिवशीच लिहून काढले होते. वकीलसाहेब अर्धा तास बोलले. दोन पाहुणे बोलले. शाल पांघरली गेली, टाळ्या झाल्या. मग सत्काराला उत्तर.

ती उभी राहिली. हातात कागद नव्हता. म्हणाली, "आपण सगळ्यांनी माझा मान केलात, मी आभारी आहे. माझ्या आईला हे सांगितलं की तिला खूप आनंद होईल. पण पावसाळ्यात मचवा बंद होतो. मला गावात खोली मिळाली नाही तर मला शाळा सोडावी लागेल. मला शाळा सोडायची नाही. म्हणून मी विनंती करते. ही शाल परत घ्या, पण मला खोली द्या. भाडं मी वेळेवर देईन." तिने शाल काढली, व्यवस्थित घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

आणि मग, तुम्हाला खरं वाटणार नाही, टाळ्या झाल्या. भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात म्हणून लोकांनी वाजवल्या, आणि चांगल्या जोरात वाजवल्या. त्या सभागृहात ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी असेल अशी चाळीसएक माणसं तरी मला नावानिशी सांगता आली असती. तिने बसताना एकदाच माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती.

मी उठले. मला फक्त पाच शब्द बोलायचे होते: आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. एवढंच. गर्दीत, दूरच्या भिंतीशी बसलेल्या भाऊंचं टक्कल मला दिसत होतं. त्यांना न विचारता चारचौघांत असं कसं बोलायचं, असं मी स्वतःला म्हटलं, आणि हातातला कागद उघडला. सतरंज्या दिल्याबद्दल शाळेचे आभार मानले. सरबताबद्दल शेठचे. खुर्च्यांबद्दल देवळाच्या पंचांचे. 'सत्कारमूर्तींनी आपल्या भाषणात मोलाचे विचार मांडले' हे वाक्यसुद्धा आदल्या दिवशीच लिहिलेलं होतं, तेही वाचलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण मी त्याच वर्षी तिसरीला शिकवली होती.

शाल तिला घ्यावीच लागली. वकीलसाहेबांनी ती परत खांद्यावर घातली आणि म्हणाले, "खोलीचं आम्ही बघतोय हो."

जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथ्या दिवशी वारा फिरला. मचवे वर ओढले गेले. ती वळशाच्या वाटेने चालत यायला लागली. पहाटे निघून, दोन्ही ओढ्यांवर पाणी उतरायची वाट बघत, शाळेत पोचायला साडेअकरा वाजायचे. शाळा अकराची. कमरेपर्यंत ओली, वह्या मात्र मेणकापडात कोरड्या. मी तिला माझं एक लुगडं शाळेत आणून ठेवलं होतं, बदलायला. खोली नाही तर लुगडं, असा माझा औदार्याचा हिशेब. तिने ते नेसलं, धुऊन, वाळवून परत आणून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचंच दुसरं पिशवीत आणायला लागली. असे आठ दिवस गेले. हजेरीपटावर आठ वेळा उशिराची खूण. नवव्या दिवशी ओढ्याला पूर आला आणि ती अर्ध्या वाटेवरून परतली. तीन दिवस येऊ शकली नाही. मग खुलासा मागणारी चिठ्ठी गेली आणि उलट टपाली राजीनामा आला, चार ओळींचा. कुणाविषयी तक्रार नव्हती. दुसरीचा वर्ग माझ्या वर्गात घातला. मुली दोन दिवस विचारत राहिल्या, आमच्या बाई कधी येणार?

समितीची बैठक वकीलसाहेबांकडे झाली. 'या घटनेबद्दल समितीला मनःपूर्वक खेद होत आहे' असा ठराव मांडला गेला. सगळ्यांनी हो म्हटलं. मी 'एकमताने' लिहायला टाक बुडवला, तेवढ्यात जमादार म्हणाले, "माजं मत इरुद्ध लिवा."

"अहो, खेदाच्या ठरावाला विरुद्ध?" वकीलसाहेब म्हणाले.

"व्हय. मला खेद न्हाय. मला राग हाय. त्यो लिवा."

राग लिहायला वहीत रकाना नव्हता. अध्यक्षांनी त्यांना फार समजावलं. मास्तर मान खाली घालून बसले होते. नंतर मला कळलं की त्या रात्री त्यांनी बायकोजवळ मागच्या खोलीचा विषय काढला होता, फार उशिरा. जमादारांनी पायताण घातलं आणि ते गेले, ते परत बैठकीला आले नाहीत. मी ठरावाखाली काय लिहिलं ते सांगते: 'एक सभासद अनुपस्थित.' माझ्या हातून जेवढं लिखाण झालं त्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या तीन शब्दांची.

आषाढात एका सकाळी भाऊ पडवीत बसले होते. पाऊस जरा उघडला होता. सकाळी धक्क्याच्या रस्त्यावरून कोण कोण जातं ते बघायचा त्यांना छंद होता. मी शाळेला निघाले तेव्हा म्हणाले, "त्या गणिताच्या बाई हल्ली दिसत नाहीत."

"मचवा बंद आहे ना."

"म्हणजे सुट्टीवर?"

"नोकरी सोडली त्यांनी. गावात खोली मिळाली नाही."

"का, मी सभेला होतो की. त्यांनी मागितली होती. वकील म्हणाला, बघतोय म्हणून. मला वाटलं झाली असेल कुठेतरी सोय." मग कुलपाकडे बघत म्हणाले, "तुला ही खोली सुचली नाही?"

"सुचली."

"मग मला विचारलं नाहीस ते?"

मला रागच आला. एवढ्या महिन्यांचा सगळा राग त्या म्हाताऱ्यावर काढायला मला बरं निमित्त मिळालं. "काय विचारायचं? तुम्ही नाहीच म्हणाला असतात!"

भाऊ चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. कचेरीत कुणाचा अर्ज अपुरा असला की करायचे तसं. "म्हणालो असतो कदाचित," ते म्हणाले. "नाही असं नाही. मला सोपं नव्हतं. पण ते 'नाही' माझं असतं. तू माझ्या नावावर परस्पर देऊन टाकलंस."

मी तशीच शाळेत गेले. त्या दिवशी मी दोन वर्गांना कविता पाठ करायला सांगितली आणि खिडकीशी उभी राहिले. ज्या ज्या माणसाचं नाव घेऊन आम्ही नाही म्हटलं होतं, वकीलसाहेबांची आई, शेठचे शेजारी, मास्तरांच्या गल्लीतले लोक, माझे वडील, त्यांतल्या एकाला तरी आम्ही विचारलं होतं का? एकालाही नाही. गावाचं मन वळवायला निघालेल्या समितीने गावाला प्रश्न विचारलाच नव्हता. गाव वाईट आहे हे आम्ही आपसात एकमताने ठरवून टाकलं होतं. ते तितकं वाईट असेलही. नसेलही. आता कळायला मार्ग उरला नव्हता.

आठ दिवसांनी भाऊ आपण होऊन म्हणाले, "लिही त्यांना. येत असतील तर बघू." भाऊंचं बघू म्हणजे हो नव्हे, पण नाहीही नव्हे. मी पत्र लिहिलं नाही. पत्र लिहायची मला भारी हौस, म्हणूनच लिहिलं नाही. नारळी पौर्णिमा झाली, मचवे पाण्यात उतरले आणि पहिल्या रविवारी मी धक्क्यावर गेले.

त्या खाडीच्या काठावर माझं उभं आयुष्य गेलं, पण पलीकडच्या वस्तीत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले. वाट विचारत गेले. घराला पडवळाचा मांडव होता आणि तिची आई स्टुलावर उभी राहून पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकांना दोऱ्याने दगड बांधत होती. मी कोण ते सांगितलं. ती लगबगीने खाली उतरली, पदराला हात पुसले आणि घोंगडी अंथरली.

"ती न्हाय वो बाई हितं," म्हणाली. "पनवेलीकडल्या येका खेड्यात शाळा मिळाली तिला. लांब हाय, पन ऱ्हायला जागा हाय शाळंतच. महिना झाला जाऊन."

मी म्हटलं, बरं झालं. खोलीचा निरोप सांगायचा राहिलाच. ती मात्र बोलायला लागली. लेकीच्या मैत्रिणीला बघून तिला खरंच आनंद झाला होता.

"तुमचं लई नाव घ्यायची ती. लुगडं दिलंवतंत म्हनं भिजली तवा. आनि येकदा मला सांगत व्हती, बाईंच्या घरात येक खोली हाय, कुलपाची. मी म्हनलं, मंग इचार की सरळ. मानसं चांगली हायत म्हनतीस, तर इचार. तर म्हनली, न्हाय आये. त्यांच्यानं हा म्हनवनार न्हाय, आनि न्हाय म्हनायला लागलं तर त्येंनाच वाईट वाटंल. मंग माज्या शेजारी बसतील कशा? सभंत समद्यांना इचारीन म्हनली, म्हंजी त्येंच्या येकट्यांवर याचं न्हाय." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई जपायची वो तुमाला."

मी मान हलवली. परतीच्या मचव्याला अजून तासभर होता, तरी मी उठले.